शिट्टीनंतरचा गोल

आमची टीम कशामुळे जिंकते असं कुणी विचारलं की मी बिनदिक्कत सांगायची, "माझ्या आवाजामुळे." मला ते खरंच वाटायचं. मी शाळेत पीटी शिकवते. पंधरा ऑगस्टला माइक बंद पडला तरी संचलन अडत नाही, कारण मी असते. हेडसर म्हणतात, "वैजयंती मॅडम, तुम्ही मैदानावर बोलता आणि ऑफिसात माझा चहा सांडतो." माझे यजमान युवराज तर घरात मला हळू बोलायची सवय लागावी म्हणून गेली वीस वर्षं प्रयत्न करताहेत आणि अजून त्यांनी आशा सोडलेली नाही.

अशी बाई अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कामगारांची फुटबॉल टीम चालवते म्हटल्यावर लोकांना हसू यायचं. मुळात सोलापुरात फुटबॉल खेळतो कोण? मी सकाळी फिरायला जायची त्या मैदानावर ही मंडळी रात्रपाळी संपवून, टॉवेलचा कापूस केसात तसाच घेऊन, चपला घालून बॉल तुडवत असायची. मला ते बघवेना. एक दिवस मी आत शिरले, चपला काढायला लावल्या आणि ओरडायला सुरुवात केली. सगळ्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, माना डोलावल्या आणि खेळू लागले. तेव्हापासून मी त्यांची कोच.

जिल्हा लीगमध्ये आम्हाला 'टॉवेल टीम' म्हणायचे. तिसऱ्या गटात होतो, दुसऱ्यात गेलो, मग पहिल्यात, आणि यंदा थेट विभागीय लीगमध्ये. दर वर्षी वर सरकत होतो आणि दर वर्षी मला मनातल्या मनात कोडं पडायचं, की हे होतंय कसं? यांना झोप नाही, धड बूट नाहीत. पण एक गोष्ट होती. बाकीच्या टीमा मैदानावर नुसता गलका करतात, 'दे रे', 'मागं बघ', 'माझा, माझा'. आमची माणसं तोंड उघडत नाहीत. एखादा बोट वर करतो, एखादा खांदा उडवतो, आणि बॉल नेमका हवा तिथे जातो. समोरच्यांना काही कळेपर्यंत आमचा सिद्धू गोल मारून परत आलेला असतो. मी त्याला शिस्त म्हणायची. अर्थात माझी शिस्त.

सिद्धू आमचा फॉरवर्ड. चोवीस वर्षांचा, सडपातळ, शाळा सुटल्यापासून मागावर. बोलायला इतका गोड की त्याच्यावर रागावलं तरी तो आधी तुमच्या तोंडाकडे टक लावून बघतो आणि मग म्हणतो, "व्हय मॅडम." राग तिथंच विरघळतो.

विभागीय लीगमध्ये मात्र आमचं काहीतरी बिघडलं. म्हणजे जिंकत होतो, पण कार्डं मिळू लागली. रेफ्री बाहेरगावचे. शिट्टी वाजल्यावर आमचा कोणीतरी बॉल मारायचाच. पिवळं कार्ड. पुढच्या मॅचला पुन्हा तेच. एकदा सिद्धूने ऑफसाइडची शिट्टी झाल्यावर गोल मारला आणि वर हात पसरून मैदानभर पळाला. रेफ्रीला वाटलं हा आपली टर उडवतोय. मलाही तेच वाटलं. मी टीमला उभं करून असं काही झापलं की बाजूच्या रसवंतीवाल्याने घुंगरू बांधलेला चरक थांबवला.

"शिट्टी वाजली की थांबायचं! यात न कळण्यासारखं काय आहे?"

"व्हय मॅडम," सगळे म्हणाले.

कॅप्टन मायाप्पा वयाने सगळ्यात मोठा, कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर. तो तेवढा जमिनीकडे बघत राहिला. मला वाटलं, लाज वाटतेय.

मग शेवटची मॅच आली. जिंकलो तर राज्य लीग. राज्य लीग हा शब्द मी घरात इतक्यांदा उच्चारला होता की युवराजांनी त्याचा धसका घेतला होता. आम्ही एका गोलने पुढे होतो, थोडाच वेळ उरला होता. रेफ्रीने कसल्याशा फाउलची शिट्टी दिली. समोरच्या टीमचा डिफेंडर बॉलवर पाय ठेवून निवांत उभा राहिला, आणि मागून सिद्धू वाऱ्यासारखा आला. त्याने बॉल मारला, पण बॉलसोबत त्या पोराचा घोटाही. हाड मोडल्याचा आवाज मी कडेला उभी राहून ऐकला. सिद्धू मात्र बॉलमागे पुढे पळत होता. मागे वळून बघितलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला, जणू सगळं जग एकदम कुणीतरी बदलून ठेवलंय आणि त्याला सांगितलेलं नाही.

लाल कार्ड. आम्ही मॅच जिंकलो, पण समोरच्या क्लबने तक्रार केली, की मुद्दाम मारलं, शिट्टीनंतर मारलं, हे सबंध सीझनभर असंच वागताहेत. शिस्त समिती बसणार होती. मुद्दाम मारलं असं ठरलं तर मॅच त्यांची, राज्य लीगही त्यांची, आणि सिद्धूवर बंदी.

मी तडक सिद्धूच्या घरी गेले. मनाशी भाषण तयार होतं. दार उघडंच होतं. सिद्धू ओट्याशी पाठमोरा बसून मोबाइलवर कुठलीतरी मॅच बघत होता. त्याच्या शेजारी गॅसवर कुकर. मी दारातूनच हाक मारली, "सिद्धू!"

तो हलला नाही.

इतका माज? मी पुन्हा हाक मारणार तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. चांगली लांब, कर्कश. मी दचकले. तो नाही. पुन्हा शिट्टी झाली. मग पुन्हा. डाळ करपल्याचा वास आला तरी तो बोटाने व्हिडिओ मागे-पुढे करत बसला होता. परसात चुलीवर कडक भाकरी थापणारी त्याची आई, शरणम्मा, पिठाच्या हातांनी धावत आली. तिने गॅस बंद केला, त्याच्या खांद्यावर थापटलं आणि बोटांनी वाफ उडाल्याची खूण केली. एक शब्द बोलली नाही. मग तिला मी दिसले.

"अय्यो," ती म्हणाली आणि खाली बसली.

मी काही विचारायच्या आधीच सिद्धू माझ्याकडे बघून उभा राहिला होता. कॉटवर त्याचे वडील संगप्पा बसले होते. जन्मभर लूम चालवलेला माणूस. त्यांनी हसून हात जोडले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. त्यांना काहीच ऐकू येत नाही हे मला माहीत होतं. ते म्हातारपणामुळे असेल, असं मी धरून चालले होते. संगप्पांचं वय विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"ह्येंचं बी असंच सुरू झालं हुतं, मॅडम," शरणम्मा म्हणाली. "आधी बारीक आवाज गेलं. पाखरं गेली, कुकर गेला. मग पोरांचं आवाज गेलं. शेवटाला माझा गेला. एनु माडोदु? काय करायचं? मागाजवळ उभं राहायचं म्हंजे असंच की."

"सिद्धू, तुला शिट्टी ऐकू येत नाही?"

तो माझ्या ओठांकडे बघत होता. इतकी वर्षं मी ज्याला आदर समजत होते ते हे होतं.

"माणसांचं बोलणं समोरून येतंय, मॅडम. शिट्टी न्हाय येत."

मी तशीच उठून मैदानावर गेले. संध्याकाळची प्रॅक्टिस सुरू होती. सगळे माझ्याकडे पाठ करून पळत होते. मी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि छातीत होता नव्हता तेवढा दम लावून फुंकली. रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला. टीममधला फक्त आमचा गोलकीपर बसप्पा वळला, आणि तो रंगखात्यात कामाला आहे, मागावर नाही. त्याला थांबलेला बघून दुसरा थांबला, दुसऱ्याला बघून तिसरा. मग सगळे थांबले.

"मायाप्पा!" मी ओरडले. मग सावध होऊन त्याच्या समोर गेले. "मायाप्पा, हे किती दिवस?"

"किती म्हंजे? सगळ्यांचंच असं असतंय की मॅडम. लूमवर कोण बोलतंय? धागा तुटला तरी हातानंच सांगायचं, सुताची कांडी संपली तरी हातानंच. घरी बायका बी हातवारंच करत्यात."

"मग जिल्हा लीगमध्ये कसं चाललं?"

"तितं प्रभुअण्णा हुतं की रेफ्री. ते सोता जॉबर हुतं. शिट्टी फुंकली की दोनी हात वर करून मदी येऊन उभं राहायचं."

खरंच उभे राहायचे. मी त्यावरून त्यांची नक्कलही करायची.

पुढचा प्रश्न विचारायचा मला धीर होत नव्हता, पण विचारला. "आणि मी? मी चार वर्षं बोंबलत होते ते?"

मायाप्पा अवघडला. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले.

"तुमचे हात बघत हुतो की आमी," तो म्हणाला. "तोंडानं काय म्हणता ते लांबून कुणाला म्हाईत? हात मातर सगळ्यांना पाठ हायेत. लई चांगले हात हायेत तुमचे, मॅडम."

मी मैदानाच्या कडेला बसले. डोकं चालेना. दुसऱ्या गटाच्या फायनलला मी 'मागे या, मागे या' म्हणून घसा फोडत होते आणि हाताने तोंडावरच्या माश्या हाकलत होते. तेव्हा आमच्या लोकांनी सगळं सोडून उजवीकडून चढाई केली आणि गोल मारला. पेपरात 'प्रशिक्षकांची धाडसी खेळी' म्हणून छापून आलं होतं. मी ते कात्रण शाळेच्या फळ्यावर लावलं होतं. आता त्या खेळीचं श्रेय मला द्यायचं की माश्यांना? जिंकलो ते माझ्यामुळे, की माझ्याशिवाय? मला हसू आलं, मग रडू आलं, आणि टीम गोंधळून माझ्या हातांकडे बघत राहिली, यातलं काय करायचंय म्हणून.

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, हे तर सोपं आहे! समितीपुढे जायचं आणि सांगायचं, की यांना शिट्टी ऐकू येत नाही. मुद्दाम नाही मारलं. मॅच आमची, राज्य लीग आमची, रेफ्रीने हातात एक झेंडी घ्यावी की झालं. मी उभी राहून हे सगळ्यांना समोरून, सावकाश, हातवारे करून सांगितलं.

कुणालाही आनंद झाला नाही.

"सिद्धूचं रेल्वेचं चाललंय की," मायाप्पा म्हणाला.

मला ते माहीत होतं. कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात खेळाडूंच्या जागा निघाल्या होत्या, सिद्धूची निवड जवळजवळ झाली होती. फक्त मेडिकल उरली होती. मेडिकलमध्ये कान तपासतात. समोरून बोलून तपासलं तर सिद्धू ओठ वाचून निभावून नेईल अशी त्याला आशा होती. पण मी समितीपुढे तो बहिरा आहे असं सांगितलं तर गोष्ट कुर्डुवाडीला पोचायला कितीसा वेळ?

रेल्वेच्या टीमचे कोच उदयसिंह माझ्या ओळखीचे. घरी आल्यावर मी त्यांना फोन करून आडून विचारलं, की आमच्या पोरावर बंदी आली तर? ते मोठ्याने हसले. "मॅडम, तुमच्या लीगची बंदी तुमच्या लीगपुरती. आणि थोडा आडदांड असल्याशिवाय फॉरवर्ड कसला? मेडिकल तेवढी पास होऊ दे म्हणावं."

म्हणजे आडदांड चालतो, बहिरा चालत नाही. मी फोन ठेवला आणि युवराजांवर विनाकारण डाफरले.

समितीच्या आदल्या दिवशी सिद्धू स्वतः शाळेत आला. डबा खायच्या सुट्टीत, व्हरांड्यात माझ्या समोर उभा राहिला.

"मॅडम, मुद्दाम मारलं म्हणून सांगतो मी."

"तू कुणाला मुद्दाम मुंगीही मारली नाहीस."

"पण ऐकू येत न्हाय म्हणलं तर मी लूमवरच राहणार की. अजून तुमचं बोलणं कळतंय तंवर सुटायचंय मला. आप्पांसारकं खिडकीत बसायचं न्हाय."

"आणि टीम? राज्य लीग?"

"टीमनंच सांगितलंय."

मला टीमचा भयंकर राग आला. चार वर्षं मी उन्हात उभी राहिले ते यासाठी? आणि रागासोबतच या वेड्यांचं कौतुकही वाटलं. मग एकदम दुसरीच गोष्ट सुचली.

"सिद्धू, अरे, तिथे इंजिनं असतात. शिट्टी देतात, म्हणून माणसं रुळावरून बाजूला होतात. तुला ती..."

तो हसला. "वर्कशॉप हाय मॅडम, आत काम असतंय."

"आत इंजिन येत नाही का?"

"बघून चालीन की मी."

घंटा झाली. पोरं आरडाओरडा करत वर्गात पळाली. त्या गोंगाटात सिद्धू शांत उभा होता. या मुलाला मागावरून सोडवायचं म्हणजे शिट्टीवर चालणाऱ्या ठिकाणी पाठवायचं. नाही पाठवलं तर उरलेले कान मागाला द्यायचे. मी पीटीची बाई. मला डावं-उजवं कळतं. यातलं डावं कुठलं आणि उजवं कुठलं?

समिती एका कॉलेजच्या हॉलमध्ये बसली. लांब टेबल, पलीकडे तिघे साहेब, अलीकडे सिद्धू आणि मी. मोडलेल्या पायाचा पोरगाही आला होता, प्लास्टर घालून. सिद्धूने आधी जाऊन त्याच्या पायाला हात लावला. त्या पोराने तोंड फिरवलं.

मी काय बोलायचं ते ठरवून आले नव्हते. आदल्या रात्रभर ठरवलं होतं आणि सकाळी मोडलं होतं. अध्यक्ष बाकीच्या दोघांसारखेच कागदांत डोकं घालून बसले होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "शिट्टी ऐकली होती का तुम्ही?"

सिद्धूला तो प्रश्न कळला नाही. कळणार कसा? ओठ दिसतच नव्हते. हॉल शांत झाला म्हणून आपल्याला काहीतरी विचारलंय इतकंच त्याने ओळखलं, आणि तो माझ्या हातांकडे बघू लागला.

सगळी टीम बघायची तसं.

माझे हात मांडीवर होते. मी ते नुसते हलवले नाहीत तरी गोष्ट उघडी पडणार होती. तो गप्प बसणार, साहेब मान वर करणार, पुन्हा विचारणार, कुणाच्या तरी लक्षात येणार. मला एक शब्दही बोलावा लागला नसता. राज्य लीग माझ्या पदरात पडली असती आणि सिद्धू रुळांपासून लांब राहिला असता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यात जराही शंका नव्हती. मॅडमचे हात सांगतील ते बरोबर.

मी उजव्या हाताचं बोट कानाशी नेलं आणि मान डोलावली. हो म्हण.

"ऐकली हुती, साहेब," सिद्धू म्हणाला. "ऐकून मारलं."

मग अध्यक्षांनी बोलायला सुरुवात केली. कागदांवरून नजर न उचलता. असली माणसं खेळाला काळिमा आहेत म्हणाले. कामगारांच्या टीमला वर घेतलं हीच चूक झाली म्हणाले. आईबापांनी काही संस्कार केलेत की नाही असं विचारलं. कोचबद्दलही बरंच बोलले. मॅच गेली, बंदी आली, राज्य लीग गेली. सिद्धू नम्रपणे उभा होता. त्याला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. जिल्ह्यात जिच्या आवाजाची दहशत, ती मी तोंड मिटून शेजारी बसले होते, आणि त्याच्या वाट्याचा एकूण एक शब्द मला ऐकू येत होता.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "लई बोलले का?"

"फार नाही," मी त्याच्यासमोर उभी राहून सावकाश म्हणाले. "खेळ चांगला आहे म्हणाले."

येत्या सोमवारी त्याची मेडिकल आहे. शरणम्मा आज मला सिद्धेश्वराला घेऊन गेली. मुलगा पास झाला की नारळ फोडीन म्हणून तिने देवाला बोलून टाकलं, अगदी मोठ्याने. मग मला म्हणाली, "तुमी बी मागा की, मॅडम. तुमचा आवाज मोटा हाय, देवाला लगेच ऐकू जाईल."

मी हात जोडले, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. पास कर म्हणू की नापास कर म्हणू, तेच मला कळेना.